थाल्विनला हे रुचलं नाही

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात अक्षरं उमटतात,
राखाडी, दोन श्वासही टिकत नाहीत:
थाल्विनला हे रुचलं नाही.
मी फक्त एका भुकेल्या टोळीला
पुलावरून हुसकून लावलं होतं.
मोर्नाला मात्र रुचलं. तिचे पाच वाढले.

नेरुळ, सेक्टर सोळा, रात्रीचा दीड.
सिडकोच्या छताचा पापुद्रा परवा कीबोर्डवर पडला,
तेव्हापासून मी खुर्चीला छत्री बांधून खेळतो.
दिवसा मी याच सोसायटीचा सेक्रेटरी.
पुनर्विकासाला चाळिसांतल्या एकवीस सह्या हव्यात,
अठरा झाल्यात.

माणसं सांभाळायला मी इथेच शिकलो, या खेळात.
गुंडारला मध देऊ नये, लोखंड द्यावं,
गंजकं असलं तरी डोळे पाणावतात त्याचे.
मोर्नासमोर दया दाखवायची नाही.
आणि देवळातला दिवा उचलायचा असेल
तर थाल्विनला छावणीवर ठेवायचं,
तू दमलायस, शेकोटी बघ, म्हणायचं.
जे त्याने पाहिलं नाही
ते त्याच्या खात्यात धरत नाहीत.

म्हणूनच बिल्डरच्या माणसाबरोबरची बैठक
मी त्या गुरुवारी ठेवली
ज्या गुरुवारी बोंबटकर डोळे तपासायला पनवेलला जातात.
कुरियनना मी खेळती हवा सांगितली,
पागधरेबाईंना लिफ्ट,
तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला जिम.
पार्किंगचा आकडा कुणालाच नाही.
खोटं एक अक्षर बोललो नाही,
फक्त ज्याचं त्याला, तेवढंच.

काल रात्री थाल्विन गेला.
भांडला नाही. सत्तर होते त्याचे माझ्याकडे, सत्तर!
तेल शोधताना पिशवीत दिवा सापडला त्याला.
त्याने तो पुसला, माझ्या उशाशी ठेवला
आणि उजाडायच्या आत टेकडी उतरला.

मी मागे गेलो. तीन सेव्ह मागे.
दिवा घाटाखालच्या सोनाराला विकून टाकला.
थाल्विन पुन्हा शेकोटीपाशी बसलेला,
मित्रा, आज गारठा आहे, म्हणाला.
मला त्याच्याकडे बघवेना.
त्याला काहीच माहीत नव्हतं.
त्याचं जाणं आता एकट्या माझ्यापाशी उरलेलं.

आज अकरा नंबर. दमयंती माधवी.
ही इमारत उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचं मिठागर होतं,
हे त्या रेशनच्या रांगेबद्दल सांगावं तसं सांगतात.
पेन उघडून बसल्या होत्या, चष्मा न लावता.
"तू सांगतोस तर करते सही.
गेटजवळचं बुचाचं झाड राहील ना रे?
ह्यांनी लावलेलं."

तीन उत्तरं उमटली मला, एकाखाली एक.
राहील, काकू.
बघतो, बिल्डरशी बोलतो.
तिसरं इतकं अंधुक
की त्यावर बोट ठेवायलाच वेळ लागला.
"नाही राहणार. तिथे गाड्यांचा रॅम्प येतोय.
आणि तीन घरांत मिळून एकच गाडी."

सवयीने मी वर, कोपऱ्यात पाहिलं.
तिथे दुधाचं कॅलेंडर.
चौदा तारखेला गोल, खाली पेन्सिलीने: अर्धा.

काकूंनी पेनाला टोपण लावलं,
सावकाश, टक् आवाज येईपर्यंत.
मग ओट्याकडे वळत विचारलं,
"साखर किती घालू?"

शाळेत होतो तेव्हापासून
माझा चहा त्या न विचारता करतात.
"एक चमचा," मी म्हणालो,
नवीन माणसासारखा.